जॅझ ऐकायला सुरुवात कुठून करायची? ख्याल आणि जुन्या गाण्यांवर वाढलेल्या कानांसाठी एक रस्ता

यूट्यूबवर नुसतं जॅझ असं टाकलं की काय येतं, तर खिडकीवर पाऊस, कॉफीचा कप आणि तीन तास चालणारं बॅकग्राउंड म्युझिक. ते आधी बंद करा. त्यात वाईट काही नाही, भाजी निवडताना, ऑफिसचं काम करताना चालतं, पण त्यातून जॅझ कळणार नाही कारण ते लक्ष न देता ऐकण्यासाठीच बनवलेलं असतं.

हे सगळं मी अशा लोकांसाठी लिहितेय ज्यांचे कान भीमसेन, किशोरीताई, वसंतराव, झालंच तर मदनमोहन, एसडी यांच्यावर तयार झालेत, ज्यांना तीनताल हातावर धरता येतो किंवा निदान सम आली की मान आपोआप हलते, आणि ज्यांना जॅझ लावलं की दोन मिनिटांत "हे सगळे आपापलं काय वाजवतायत?" असं होतं. माझं म्हणणं असं की अडचण कानात नाहीये, आपण चुकीची गोष्ट शोधत असतो. आपण चाल शोधतो, आणि चाल पहिल्या मिनिटात संपून जाते. चाल सोडा, आवर्तन धरा. जॅझमधे आवर्तन असतं, अगदी काटेकोर असतं, आणि ते एकदा हाताला लागलं की बाकीचं हळूहळू कळत जातं.

सगळ्यात आधी: इअरफोन लावा

ही सूचना फालतू वाटेल पण सगळ्यात महत्त्वाची आहे. फोनच्या बारक्या स्पीकरवर डबल बेस ऐकूच येत नाही, आणि जॅझमधे ठेका धरून ठेवण्याचं अर्धं काम बेसवाला करतो. डबल बेस म्हणजे ते माणसाएवढं उंच व्हायोलिनसारखं दिसणारं वाद्य, जॅझमधे ते बहुतेक वेळा बोटांनी छेडतात, आणि दर मात्रेला एक स्वर देत तो माणूस चालत राहतो, म्हणून त्याला वॉकिंग बेस म्हणतात. साधेसे इअरफोन पण चालतील. ड्रम्सवाल्याच्या मोठ्या झांजेवर टिंग, टिंग-टि-टिंग चालू असतं तेही नीट ऐकू येईल. बेस आणि झांज, सुरुवातीला कान या दोघांवरच ठेवायचा, सॅक्सोफोन कितीही लाडात आला तरी.

पहिली पायरी: बोटांच्या पेरांवर बारा बार

माइल्स डेव्हिसचा काइंड ऑफ ब्लू हा 1959 चा अल्बम घ्या. हो, सगळे तोच सांगतात, पण का ते कुणी सांगत नाही. त्यातलं दुसरं ट्रॅक, फ्रेडी फ्रीलोडर, आधी लावा. हा साधा बारा बारचा ब्लूज आहे. बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट, असे बारा गट झाले की एक आवर्तन पुरं, म्हणजे 48 मात्रा. आता उजव्या हाताचा अंगठा सोडून चार बोटं घ्या, प्रत्येकाला तीन पेरं, झाली बारा. जप मोजतो तसं अंगठा एकेका पेरावर ठेवायचा, एका पेरावर मनात एक-दोन-तीन-चार म्हणायचं आणि पुढच्या पेरावर जायचं. बारावं पेर संपून अंगठा परत पहिल्यावर आला की ती तुमची सम. साधारण वीस-बावीस सेकंदांत एक आवर्तन होतं.

सुरुवातीला चाल दोनदा वाजते, तिला तिकडे हेड म्हणतात. तिथेच मोजायला लागा. दोन स्वरांची एक सुस्त हाक आहे, सहज ओळखू येईल. मग एकेक जण आपापली उपज करतो, आधी पियानोवर विंटन केली, मग ट्रंपेटवर माइल्स, मग टेनर सॅक्सवर कोलट्रेन, मग आल्टो सॅक्सवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली, मग बेसवर पॉल चेंबर्स. शेवटी हेड परत. सगळ्यांनी काय वाजवलं ते विसरा, पेरं चालू ठेवा. पाचव्या पेरावर खालची जमीन बदलल्यासारखी वाटेल, सातव्यावर परत घरी आल्यासारखं, नवव्यावर पुन्हा ताण. हे जाणवलं की समजा निम्मं काम झालं, आणि ते जाणवायला कॉर्डची, म्हणजे खाली एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, नावं माहीत असायची काही गरज नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळ उडेल. आपल्याकडे तान घेऊन समेवर येणं हा सोहळा असतो, सगळे "क्या बात है" म्हणतात. जॅझवाला बरेचदा मुद्दाम समेवरून तसाच पुढे निघून जातो, वाक्य आवर्तनाच्या हद्दीपलीकडे नेतो आणि पुढच्या आवर्तनात कुठेतरी मधेच श्वास घेतो. त्याला सम चुकली असं समजू नका, तो तिला बगल देतोय. आणि टाळी वाजवायची तर एक-तीनवर नाही, दोन आणि चारवर. आपला हात समेवर पडायला शिकलेला असतो त्यामुळे हे पहिले काही दिवस अवघडच जातं, पण झांजवाला त्याच्या पायातली छोटी झांज दोन-चारवरच मिटत असतो, त्याच्या मागे मागे जा.

दुसरी पायरी: सा सरकतो तेव्हा

आता त्याच अल्बमचं पहिलं ट्रॅक, सो व्हॉट. आपल्याला जॅझ परकं वाटायचं खरं कारण ठेका नाहीये, तानपुरा नसणं हे आहे. आपल्याकडे सा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तोच. तिकडे बहुतेक गाण्यांत दर एक-दोन बारला खालची कॉर्ड बदलते, म्हणजे जो स्वर आत्ता घरचा होता तोच पुढच्या क्षणी पाहुणा होतो. बेबॉप नावाचा 1940 च्या दशकातला प्रकार, चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी वगैरे, तर याच गोष्टीवर प्रचंड वेगात खेळतो, म्हणून नवख्याने तिथून सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग जाणकार मंडळी काही का म्हणेनात.

सो व्हॉटमधे माइल्सने नेमकं उलट केलं, कॉर्ड्सची गर्दीच काढून टाकली. 32 बारचं आवर्तन आहे, आठ-आठचे चार भाग, आपल्या भाषेत मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. पहिले सोळा बार एकच स्वरसप्तक, आणि ते सप्तक म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर, कोमल गंधार आणि कोमल निषाद. काफी राग नव्हे हं, चलन-बिलन काही नाही, फक्त ते सात स्वर. मग अंतऱ्याला आठ बार सगळंच्या सगळं अर्ध्या स्वराने वर सरकतं, कुणीतरी मैफल चालू असताना तानपुरा अर्धा स्वर चढवावा तसं, आणि शेवटच्या आठ बारला परत खाली. ऐकणाऱ्याचं काम एवढंच की ती सरक पकडायची. माइल्स, कोलट्रेन, कॅननबॉल तिघंही दोन-दोन आवर्तनं वाजवतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाजवण्यात दोनदा सरक येते. माइल्स कमीत कमी स्वरांत काम करतो, भरपूर जागा सोडतो, कोलट्रेन त्याच जागा गच्च भरून टाकतो. दोघांच्या स्वभावातला फरक इथे इतका स्वच्छ दिसतो की दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही.

रेकॉर्डिंग 2 मार्च 1959 चं, न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओतलं. ती इमारत मुळात चर्च होती, त्यामुळे आवाजाला जी हवा मिळाली ती ऐकू येते. वादकांच्या हातात तिथे गेल्यावर नुसते आराखडे दिले होते. आपल्या मंडळींना यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा.

तिसरी पायरी: एकच गाणं, अनेक माणसं

ऑटम लीव्हज नावाचं गाणं शोधा. मूळचं फ्रेंच, पॅरिसमधलं, शब्द कवी झाक प्रेव्हेरचे आणि चाल हंगेरीतून तिथे येऊन राहिलेल्या जोझेफ कोस्माची, पुढे अमेरिकेत त्याला इंग्रजी शब्द मिळाले आणि जॅझवाल्यांनी ते असं काही उचललं की आता जगात कुठल्याही जॅमला, म्हणजे वादकांच्या आयत्या वेळच्या बैठकीला, दोन अनोळखी माणसं एकत्र आली तर हे वाजवू शकतात. आधी एखाद्या फ्रेंच गायकाचं साधं गाणं ऐका म्हणजे चाल डोक्यात बसेल. मग 1958 चं कॅननबॉल अ‍ॅडर्लीचं, ज्यात ट्रंपेट माइल्सचा आहे, मग 1959 चं बिल एव्हन्सच्या त्रिकुटाचं, ज्यात बेसवाला नुसता साथ न करता पियानोशी बोलायला लागतो. एकच बंदिश वेगवेगळ्या घराण्यांत ऐकायची सवय आपल्याला आहेच, तीच इथे वापरायची. एकट्या या गाण्यावर आठवडा गेला तरी वाया गेला असं समजू नका.

चौथी पायरी: आता मागे जा

इतिहास आधी वाचू नका, तीन पायऱ्या झाल्यावर वाचा, मग तो चिकटतो. थोडक्यात सांगायचं तर न्यू ऑर्लिन्स हे बंदर, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांची वंशावळ, फ्रेंच-स्पॅनिश सत्ता, कॅरिबियन बेटांशी येणंजाणं, ब्रास बँड, चर्चची गाणी, ब्लूज, हे सगळं तिथे एकत्र नांदत होतं. गुलामांना रविवारी जमून नाचगाण्याची मुभा असलेली काँगो स्क्वेअर ही जागा आजही तिथे आहे. म्हणजे जॅझ नंतर जगभर जाऊन मिसळलं असं जे म्हणतात ते अर्धंच खरं, ते जन्माला आलं तेच मिसळीतून. आणि पहिली जॅझ रेकॉर्ड म्हणून जी ओळखली जाते, 1917 ची, ती मात्र गोऱ्या वादकांच्या बँडची. काळ्या वादकांचं संगीत, पण दुकानात आधी कोण पोचलं ते बघा.

ऐकायचं एकच: लुई आर्मस्ट्राँगचं वेस्ट एंड ब्लूज, जून 1928. सुरुवातीला साथ-बिथ काही नाही, ट्रंपेट एकटा, काही सेकंदांचीच उठाण आहे, पण त्यात वेग, दम, आणि कुठल्या स्वरावर किती रेंगाळायचं याचा असा हिशोब आहे की नंतरच्या ट्रंपेटवाल्यांनी ती जशीच्या तशी पाठ केली. पुढे तो शब्दांशिवाय नुसत्या अक्षरांवर गातो आणि क्लॅरिनेट त्याला उत्तर देतं. हाही बारा बारचाच ब्लूज, पेरं चालतील.

पाचवी पायरी: नकाशा उघडा

इथे लोक वाहवत जातात, सगळ्या देशांची एकेक प्लेलिस्ट करतात आणि मग काहीच ऐकत नाहीत. मी सांगते दोन-तीन ठिकाणं नीट बघा, बाकी नंतर.

पहिलं तुर्कस्तान. 1958 मधे अमेरिकन सरकारने पियानोवादक डेव्ह ब्रुबेकला दौऱ्यावर पाठवलं, शीतयुद्धाचे दिवस होते आणि जॅझ ही त्यांची चांगुलपणाची जाहिरात होती. यातली गंमत वादकांनाही कळत होती, 1957 मधे आर्मस्ट्राँगने अमेरिकेतल्या लिटल रॉक गावच्या शाळेतल्या वर्णभेदाच्या प्रकारावरून रशियाचा सरकारी दौरा सरळ नाकारला होता. तर ब्रुबेकने इस्तंबूलच्या रस्त्यावर नऊ मात्रांचा एक ठेका ऐकला आणि परतल्यावर ब्लू राँडो अ ला तुर्क केलं. मोजून बघा: एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. असं तीनदा, आणि चौथ्यांदा तीन-तीन-तीन. मग अचानक तो साध्या चार मात्रांच्या ब्लूजमधे उतरतो आणि परत उडी मारून नवात येतो. विषम मात्रांची सवय असलेल्या आपल्या लोकांना इथे अमेरिकन श्रोत्यांपेक्षा कमी त्रास होतो, हे मी पैजेवर सांगते. त्याच टाइम आउट अल्बममधलं टेक फाइव्ह पाच मात्रांचं आहे, तीन अधिक दोन, म्हणजे अर्धा झपताल पण गट उलटे. ब्रुबेक त्याच दौऱ्यात मुंबईतही आला होता आणि उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर बसला होता.

दुसरं इथिओपिया. मुलातू अस्तात्के हा माणूस अमेरिकेत बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकला, घरी जाऊन तिथल्या पाच स्वरांच्या सप्तकांना व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) आणि ब्रासची, म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांची, साथ दिली. त्यातलं तिझिताचं मेजर रूप म्हणजे सा रे ग प ध, आपला भूप. पण ऐकल्यावर भूप अजिबात आठवत नाही, कारण चलन निराळं. स्वर तेच असून राग निराळा हा अनुभव भूप आणि देशकार ऐकणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

बाकी भरभर: फ्रान्समधे जँगो राइनहार्ट, रोमा समाजातला, आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेली, तरी 1934 पासूनच्या त्या ड्रम्स नसलेल्या बँडमधलं त्याचं गिटार आजही कुणाला सहज जमत नाही. क्युबाचा चानो पोझो आणि डिझी गिलेस्पी यांचं मँटेका, 1947. ब्राझीलचा बोसा नोवा, 1964 चा गेट्झ-जिल्बेर्तो हा अल्बम, इतका मऊ आहे की लोक त्याला लिफ्टमधलं संगीत समजतात, त्या समजाला बळी पडू नका. आणि दक्षिण आफ्रिकेचा अब्दुल्ला इब्राहिम, 1974 चं मॅनेनबर्ग, केपटाउनच्या वस्तीचं नाव दिलेलं, पुढे वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात लोकांनी आपलंसं केलेलं.

सहावी पायरी: घरचं

आता मुंबईत या. 1935 मधे व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला काळ्या अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ आणखी आले, त्यातला पियानोवादक टेडी वेदरफर्ड शांघाय करून मुंबईला आला, पुढे कलकत्त्याला गेला आणि 1945 मधे तिथेच वारला. या लोकांना अमेरिकेत मागच्या दाराने आत जावं लागायचं, आणि इथे ताजमधे श्रोते कोण तर साहेब, संस्थानिक आणि पैसेवाले. म्हणजे मुंबईच्या सामान्य माणसाने तेव्हा जॅझ ऐकलंच नाही. त्याच्यापर्यंत ते पोचलं गोवेकरांमुळे.

पोर्तुगीज काळात गोव्यातल्या गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवायचे, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवणारे वादक तिथे तयार होते. ते कामासाठी मुंबईला आले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ट्रंपेट आर्मस्ट्राँगच्या ढंगाने वाजवायचा, लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणत. मिकी कोरियाचा बँड 1939 पासून 1960 पर्यंत ताजमधे होता. रात्री हॉटेल आणि दिवसा फिल्मचा स्टुडिओ असं चालायचं, आणि 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतली कमाई आटली तसा स्टुडिओचा आधार वाढला.

इथे आपले सी. रामचंद्र येतात, पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. 1951 च्या अलबेलामधलं शोला जो भडके आता या कानांनी ऐका. भगवानदादांचा नाच बाजूला ठेवा, डोळे मिटा, बाँगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन कुठे काय करतात ते बघा. ओळीच्या शेवटी गायक थांबतो त्या फटीत ब्रास काय बोलतो तिकडे कान द्या, वेस्ट एंड ब्लूजमधली सवाल-जवाबाची सवय इथे दिसेल. चिक चॉकलेट या सिनेमाच्या कामात रामचंद्रांबरोबर होता. शंकर-जयकिशनसाठी सेबॅस्टियन डिसोझा अरेंजमेंट, म्हणजे कुठल्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते, लिहायचे. या मंडळींची नावं पडद्यावर क्वचितच आली, आणि आपण मात्र वर्षानुवर्षं पूर्ण गाणं संगीतकाराच्या एकट्याच्या खात्यावर जमा करत आलो.

कोंकणी कळत असेल, किंवा मालवणीवर भागत असेल, तर क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची गाणी लावा. बेबदो ऐका. मुंबईच्या नाइटक्लबमधला ब्रास आणि अस्सल गोव्याची भाषा, यात कुठे शिवण दिसत नाही.

सातवी पायरी: राग आणि जॅझ, जरा जपून

फ्यूजन म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच मला चालत नाही. खाली एक ठेका लावायचा, वर सतार सोडायची, कुणी कुणाचं ऐकत नाही. त्यामुळे इथे निवडून ऐका. कोलट्रेनने 1961 मधे इंडिया नावाचं वाजवलं, त्यात जमीन जवळजवळ तानपुऱ्यासारखी स्थिर आहे, आणि त्याच्या मनात रविशंकरांबद्दल इतकं होतं की 1965 मधे झालेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. तो रवी कोलट्रेनही सॅक्सोफोनवालाच झाला. 1968 चं शंकर-जयकिशनचं रागा जॅझ स्टाइल मजेदार आहे, तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग, सतार रईस खाँची, सॅक्स मनोहारी सिंगांचा, पण सगळं छोट्या छोट्या तुकड्यांत बांधलेलं, एखादा राग फुलतोय म्हणेपर्यंत संपतो.

शक्ती या बँडचं 1970 च्या दशकातलं काम मात्र चुकवू नका, जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीरभाई, एल. शंकर, विनायकराम. आणि त्रिलोक गुर्टू, शोभा गुर्टूंचा मुलगा, मुंबईत वाढलेला. त्याच्या 1988 च्या उस्फ्रेत अल्बमवर खुद्द शोभाताई गायल्यात. ठुमरीचा तो आवाज आणि मुलाचा तबला-ड्रम्स एकत्र मांडलेला ठेका, इथे दोघंही एकमेकांचं ऐकतायत हे कळतं.

शेवटची पायरी: प्रत्यक्ष

मुंबईत 1978 मधे निरंजन झवेरींनी जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला तेव्हा रंगभवनच्या उघड्या अंगणात सॉनी रोलिन्स वाजवून गेला. आता तो महोत्सव नाही, पण एनसीपीएला जॅझचे कार्यक्रम होतात, पुण्यात आणि पणजीतही छोट्या जागांवर होतात, आणि 30 एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो तेव्हा बऱ्याच ठिकाणी काही ना काही असतं. दोन-चार गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. एकाची उपज संपली की गाणं चालू असतानाच टाळ्या वाजवतात, तो अडाणीपणा नाही, तीच पद्धत आहे. शेवटाकडे ड्रम्सवाला आणि बाकीचे चार-चार बार वाटून घेतात, आपल्या सवाल-जवाबासारखं, तेव्हा पेरं सोडू नका, कारण ड्रम्स एकटा वाजत असताना आवर्तन हातात टिकलं तर तुमचं बरंच काम झालं. जमलं तर बेसवाल्याच्या बाजूची खुर्ची धरा. आणि मध्यंतरात वादकाला गाठून "आत्ता दुसरं वाजवलंत ते कुठलं?" असं विचारा, तो आनंदाने सांगतो, बरेचदा कुणाचं रेकॉर्डिंग ऐकायचं तेही सांगतो. ते नाव तिथल्या तिथे फोनमधे लिहून घ्या, घरी येईपर्यंत विसरायला होतं.